हँडब्रेक: व्हिडिओ अपलोड करायच्या आधी हलका करायचा असेल तर हेच वापरा

आधी निकाल सांगते मग बाकीचं. व्हिडिओची साइज कमी करायला मी कॉम्प्युटरवर फक्त हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, वॉटरमार्क टाकत नाही, जाहिराती नाहीत, पाच मिनिटांनंतर पैसे भरा म्हणत नाही, आणि काम खरंच चांगलं करतं. ठाण्यात नौपाड्याला आमचा कथ्थकचा क्लास आहे, तिथल्या कार्यक्रमांचं शूटिंग, पाडव्याची स्वागतयात्रा, सोसायटीचा गणपती हे सगळं यूट्यूबवर चढवायचं आणि पालकांना पाठवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे सॉफ्टवेअर भरपूर वापरून मग लिहितेय.

मुळात गरज का पडते ते आकड्यात बघा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये अ‍ॅपलनेच लिहिलेलं असतं की १०८०पी ३० फ्रेमला (सेकंदाला ३० चित्रं) मिनिटाला साधारण ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० एमबी, आणि ४के ६० फ्रेम ठेवलं तर तब्बल ४०० एमबी. आता गडकरी रंगायतनला अडीच तासांचा वार्षिक कार्यक्रम ४के ३० मध्ये शूट केला तर झाले पंचवीस जीबीच्या वर. गूगलचं फुकटचं खातं १५ जीबीचं, त्यातच जीमेल आणि फोटो पण, म्हणजे तिथे ते मावणारच नाही. आणि घरच्या वायफायचा अपलोड स्पीड २० एमबीपीएस धरला तर सेकंदाला अडीच एमबी जातात (हा आकडा बिट्समध्ये असतो, ८ ने भागायचं, खूप जण इथे गोंधळतात), म्हणजे जवळजवळ तीन तास लॅपटॉप तसाच उघडा ठेवायचा आणि मधे नेट गेलं नाही पाहिजे. तोच कार्यक्रम १०८०पी करून ८ एमबीपीएस बिटरेटवर (म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारे बिट्स) आणला तर ९ जीबी आणि एक तास. एवढा फरक आहे.

बरेच जण यासाठी ऑनलाइन कंप्रेस करणाऱ्या साइट वापरतात. मला ते पटत नाही आणि कारण सरळ आहे, तिथे कंप्रेस करायला आधी ती अख्खी जड फाईल त्यांच्या सर्व्हरवर अपलोडच करावी लागते, म्हणजे ज्यासाठी साइज कमी करायची तेच काम पहिलं करायचं, मग परत डाउनलोड, मग परत यूट्यूबला अपलोड. वर त्यात लहान मुलींचे व्हिडिओ असतात, ते कुठल्या देशातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतात आणि खरंच डिलीट होतात का याची काही खात्री नाही. क्लासच्या पालकांनी विश्वासाने आपल्याकडे दिलेलं असतं. हँडब्रेकमध्ये सगळं आपल्याच मशीनवर होतं, नेट बंद करून बसलात तरी चालतं, माझ्यासाठी हा एकच मुद्दा पुरेसा होता.

डाउनलोड फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरून, हँडब्रेक डॉट एफआर. शेवटी कॉम नाही एफआर आहे ते नीट बघा. सर्च केलं की नावासारखं नाव असलेल्या बाकीच्या साइट पण येतात, त्यावर जाऊ नका. २०१७ च्या मे महिन्यात तर त्यांच्या स्वतःच्याच एका डाउनलोड सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसून मॅकच्या फाईलच्या जागी व्हायरसवाली फाईल ठेवली होती, चार दिवस ती तिथे होती, मग त्यांनी स्वतः जाहीर करून लोकांना सांगितलं. तेव्हापासून मला वाटतं थोडी काळजी घेतलेली बरी, साइटवर फाईलचा चेकसम (फाईल मूळचीच आहे ना ते ओळखायचा आकडा) दिलेला असतो तो जुळवून बघता येतो. विंडोजवर टाकताना डॉटनेट रनटाइम मागतं, ते मायक्रोसॉफ्टचं आहे, घाबरायचं काही नाही.

उघडल्यावर पहिल्यांदा भरपूर टॅब दिसतात आणि माणूस बिचकतो. खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यातलं काही बघायची गरज नाही. फाईल ओढून त्यात टाका, वर प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) फास्ट १०८०पी३० असं आधीच निवडलेलं असतं, खाली कुठे सेव्ह करायचं ते द्या आणि स्टार्ट एनकोड दाबा. बस. ४के फाईल असेल तर तीही १०८०पी होऊन येते, एमपी४ मध्ये, आणि कुठल्याही फोनवर टीव्हीवर चालते कारण आतलं एनकोडिंग (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एच.२६४ आहे, ते स्टँडर्ड २००३ पासूनचं आहे, ते न चालणारं मशीन आता शोधून सापडायचं नाही. माझ्या सासूबाईंच्या जुन्या टॅबवर पण चालतं.

पण खरी मजा व्हिडिओच्या टॅबमध्ये आहे आणि तिथे थोडा वेळ द्याच. तिथे कॉन्स्टंट क्वालिटी नावाचा एक स्लायडर आहे, त्याच्यावर आरएफ म्हणून आकडा असतो. आकडा कमी तर क्वालिटी चांगली आणि फाईल मोठी, आकडा जास्त तर उलटं. साधारण ६ ने वाढवला की फाईल निम्म्यावर येते. १०८०पी साठी २० ते २४ च्या मधे ठेवा असं हँडब्रेकवालेच सांगतात, ४के साठी २२ ते २८. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे इथे तुम्ही साइज मागत नाही, क्वालिटी मागता, आणि त्या क्वालिटीला जेवढी जागा खरंच लागेल तेवढीच ते घेतं. बाकी बरीच अ‍ॅप "५०% कमी करा", "७०% कमी करा" असलं बटण देतात, ते मला चुकीचंच वाटतं, कारण व्हिडिओत काय आहे ते न बघता ५०% कसं ठरवणार?

हे नीट कळायला दोन व्हिडिओ शेजारी ठेवा. नेरूळला माझा मावसभाऊ दहावीचं गणित शिकवतो, व्हाईटबोर्ड, कॅमेरा स्टँडवर, तो एका बाजूला उभा, हलतो फक्त हात. आणि दुसरीकडे पाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापासून निघणारी यात्रा, ढोल ताशे, भगवे झेंडे, फुलांच्या पाकळ्या, गर्दीत मोबाईल हातात धरून चालत चालत शूट केलेलं. एनकोडर काय करतो, तर आधीच्या फ्रेममध्ये जे होतं ते परत लिहीत नाही, जे बदललं तेवढंच लिहितो. बोर्ड बदलतच नाही त्यामुळे त्याचा तासभराचा व्हिडिओ एकदम चिमुकला होतो, आणि यात्रेत प्रत्येक फ्रेममध्ये झेंडा हललाय, पाकळी खाली आलीय, आपला हात हललाय, म्हणजे सगळंच नवीन. एकच आरएफ २२ ठेवलं तरी दोघांच्या साइजमध्ये कितीतरी पट फरक येतो आणि दोन्ही दिसायला सारखेच स्वच्छ. तेच जर दोघांना सारखं बिटरेट दिलं असतं तर बोर्डवर जागा फुकट गेली असती आणि यात्रेचा व्हिडिओ पार फाटला असता, झेंड्यांचे नुसते चौकोन चौकोन.

यावरूनच पुढची गोष्ट, ती म्हणजे अंधारातलं शूटिंग. गडकरी काय किंवा घाणेकर नाट्यगृह काय, मागे काळा पडदा, मधे स्पॉट, आणि आपण प्रेक्षकात बसून फोनवर शूट करतो. फोन अंधारात उजेड वाढवायला बघतो आणि सगळ्या काळ्या भागात बारीक दाणे वळवळतात. आपल्याला ते फारसं जाणवत नाही पण एनकोडरला ते प्रत्येक फ्रेममध्ये नवीन माहिती वाटते, आणि नाचणाऱ्या मुलीपेक्षा त्या रिकाम्या पडद्यावर जास्त जागा खर्च होते. म्हणून स्टेजच्या व्हिडिओची फाईल अपेक्षेपेक्षा मोठी येते आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर काम करत नाही. फिल्टरच्या टॅबमध्ये डीनॉइज आहे, त्यात एचक्यूडीएन३डी निवडून लाइट ठेवा, दाणे मऊ होतात आणि साइज चांगलीच खाली येते. स्ट्राँग मात्र करू नका, चेहरे मेणाचे दिसायला लागतात, डोळ्यातले भाव जातात, आणि कथ्थकमध्ये तेच गेले तर उरलं काय.

नाचाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी अजून एक बघा. त्या डिफॉल्ट प्रीसेटच्या नावातच ३० आहे, म्हणजे तुम्ही ६० फ्रेमने शूट केलं असलं तरी ते ३० वर आणतं. भाषण, मुलाखत, बारसं याला काही फरक पडत नाही, पण चक्कर आणि तत्कार (पायांचं काम) ६० मध्ये जेवढे सुटे सुटे दिसतात तेवढे ३० मध्ये नाही दिसत. फ्रेमरेटच्या जागी सेम अ‍ॅज सोर्स निवडायचं, काम झालं. आणि हा व्हिडिओ पुढे एडिटिंगला जाणार असेल तर तिथेच कॉन्स्टंट फ्रेमरेट पण निवडा. फोन शूट करताना फ्रेमरेट थोडा वरखाली करत असतो, काही एडिटिंग सॉफ्टवेअरला ते झेपत नाही आणि आवाज हळूहळू सरकायला लागतो. बोलण्यात एकवेळ खपून जातं पण पाय आधी पडतोय आणि घुंगरू नंतर वाजतायत हे कुणालाही लगेच दिसतं.

आवाजाला हात लावू नका. प्रीसेटमध्ये एएसी १६० केबीपीएस असतं, तासाला फक्त ७२ एमबी होतात. काही जीबींच्या फाईलमध्ये त्यातून वाचणार काहीच नाही आणि तबला मात्र डबा वाजल्यासारखा होईल.

आता कुठे पाठवायचंय त्यावर सगळं ठरतं आणि हे मी सगळ्यांना परत परत सांगते. यूट्यूबसाठी करताय तर जास्त पिळू नका. यूट्यूब तुम्ही दिलेली फाईल जशीच्या तशी दाखवत नाही, स्वतः परत कंप्रेस करून वेगवेगळ्या साइजच्या कॉपी बनवतं, म्हणजे तुम्ही आधीच पार पिळून दिलेलं परत पिळलं जातं आणि शेवटी दिसतं ते दोनदा मार खाल्लेलं. त्यांनी स्वतः १०८०पी ३० साठी ८ एमबीपीएस आणि ६० साठी १२ एमबीपीएस सुचवलंय, आणि फाईलची मर्यादा तर २५६ जीबी किंवा १२ तास आहे त्यामुळे तिथे साइजसाठी कोणी अडवत नाही, अडचण आपल्या अपलोड स्पीडची आहे. मी यूट्यूबसाठी आरएफ २० ठेवते, तेवढ्यात भागतं. समरीच्या टॅबमध्ये वेब ऑप्टिमाइज्ड म्हणून एक चौकट आहे तिथे टिक करा, त्याने फाईलची सूची शेवटी न राहता सुरुवातीला येते आणि वेबवर व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आधी सुरू होऊ शकतो. (खातं फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं नसेल तर १५ मिनिटांच्या वरचं यूट्यूब घेत नाही, ते आधी करून ठेवा, ऐन वेळी आठवतं.)

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं. तिथे गॅलरीतून पाठवला की ते आपल्या मनाने कंप्रेस करतं. पालकांना चांगला व्हिडिओ द्यायचा असेल तर हँडब्रेकमधून काढून मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसं पाठवलं की ते हात लावत नाही आणि २ जीबीपर्यंत जातं. आमच्या क्लासच्या ग्रुपवर एकेका मुलीचा तुकडा मी असाच टाकते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे साइजची सक्ती असते तो. स्पर्धांचे फॉर्म, शाळेचं पोर्टल, "व्हिडिओ ५० एमबीच्या आत". इथे आरएफ कामाचा नाही कारण किती होईल ते आधी सांगता येत नाही. इथे अ‍ॅव्हरेज बिटरेट निवडा आणि सोबत मल्टी पास चालू करा, म्हणजे ते एकदा सगळा व्हिडिओ बघून घेतं आणि दुसऱ्यांदा कुठे जास्त द्यायचं कुठे कमी ते ठरवून लिहितं. हिशोब असा करायचा. पाच मिनिटांचा नाच आहे, ५० एमबीच्या ऐवजी थोडी जागा सोडून ४८ धरा, ४८ गुणिले ८ म्हणजे ३८४ मेगाबिट, भागिले ३०० सेकंद म्हणजे १.२८, म्हणजे १२८० केबीपीएस. त्यातून आवाजाचे १६० काढा, उरले ११२०, तोच आकडा व्हिडिओला द्या. एवढ्या बिटरेटमध्ये १०८०पी ठेवायचा हट्ट करू नका, डायमेन्शनमध्ये जाऊन ७२०पी करा, मोठा फाटलेला दिसण्यापेक्षा छोटा स्वच्छ दिसलेला चांगला. परीक्षक पण लॅपटॉपवरच बघणार. ज्यांना हिशोब नको त्यांच्यासाठी प्रीसेटच्या वेबच्या यादीत सोशल नावाचे पर्याय आहेत, किती एमबी आणि किती वेळाचा व्हिडिओ ते नावातच लिहिलेलं असतं.

आता न आवडलेलं. आरएफवर काम करताना फाईल किती होणार याचा अंदाज कुठेच दिसत नाही. सुरू करायचं आणि बघायचं. त्यावर उपाय म्हणजे वर रेंजमध्ये सेकंद निवडून सगळ्यात जास्त हालचाल असलेला मिनिटभराचा तुकडा आधी करून बघायचा, तराना किंवा शेवटचे चक्कर असलेला, आणि त्यावरून अंदाज बांधायचा. दुसरं, फोनमधला व्हिडिओ आधीच एच.२६५ मध्ये (एच.२६४ च्या पुढची पद्धत) असेल (आयफोनवर हाय एफिशियन्सी चालू असलं की तसाच असतो) आणि तुम्ही तो त्याच रिझोल्यूशनला एच.२६४ मध्ये आरएफ १८ वगैरे ठेवून केलात तर फाईल कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, एच.२६५ तेवढ्याच क्वालिटीला कमी जागा घेतं, पण नवीन माणूस गोंधळून जातो आणि त्याला कोणी सूचना देत नाही. मग आकडा वर न्या नाहीतर रिझोल्यूशन खाली आणा.

तिसरं, एचडीआर, म्हणजे उजेड, अंधार आणि रंग जास्त टिपणारा शूटिंगचा प्रकार. नवीन आयफोन एचडीआरमध्ये शूट करतात आणि ते साध्या ८ बिट एच.२६४ मध्ये आणलं की रंग धुतल्यासारखे फिके दिसू शकतात, लाल घागरा गुलाबीकडे झुकतो. ते सेटिंगने दुरुस्त होतं पण कटकट आहे, त्यापेक्षा शूटिंगच्या आधीच फोनच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओमध्ये जाऊन एचडीआर बंद करा.

आणि कापाकापीला हे उपयोगाचं नाही. सुरुवातीचं दीपप्रज्वलन किंवा शेवटचे आभार काढायचे असतील तर रेंजने काढता येतात, पण मधला भाग कापून दोन तुकडे जोडायचे असतील तर जमत नाही. तसंच हे प्रत्येक वेळी व्हिडिओ नव्याने एनकोड करतं, नुसतं कापून तसंच ठेव असं त्यात होत नाही. त्यासाठी मी लॉसलेसकट वापरते, तेही फुकट आणि ओपन सोर्स, ते न एनकोड करता कापतं त्यामुळे जीबीच्या फाईलला पण काही वेळ लागत नाही. आधी तिथे नको ते काढायचं मग हँडब्रेकमध्ये टाकायचं, निम्मं काम तिथेच हलकं होतं. फोनवर हँडब्रेकचं अधिकृत अ‍ॅप नाही, त्या नावाचं काही दिसलं तर ते यांचं नाही.

वेळ लागतो हे मात्र मान्य करून चाला. जुन्या लॅपटॉपवर अडीच तासांचा कार्यक्रम म्हणजे रात्रभराचं काम असू शकतं, पंखा जोरात फिरतो, लॅपटॉप तापतो, मे महिन्यात ठाण्यात तर विचारायलाच नको, गादीवर उशीवर ठेवू नका खालून हवा लागू द्या. क्यू मध्ये सगळ्या फाईल लावून झोपायचं. लॅपटॉपला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर एनकोडरमध्ये एनव्हीएनसी दिसेल, इंटेलचा प्रोसेसर असेल तर बहुधा क्विकसिंक, त्याने काम भराभर होतं पण तेवढ्याच क्वालिटीला फाईल मोठी येते. घाई असेल तेव्हा ते ठीक, कायम ठेवायच्या कॉपीसाठी मी साधं एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एच.२६४ चा एनकोडर) च लावते आणि थांबते. आणि मूळ फाईल लगेच उडवू नका, आलेला व्हिडिओ सुरुवात मधे शेवट असा तीन ठिकाणी बघून मगच.

अजून एक उपयोग जो फार कमी लोकांना माहीत आहे. हँडब्रेक २००३ मध्ये सुरू झालं ते मुळात डीव्हीडीतून व्हिडिओ काढायला, आणि ते अजूनही उत्तम जमतं. आमच्या क्लासच्या ताईंकडे त्यांच्या सुरुवातीच्या बॅचेसचे कार्यक्रम स्टुडिओवाल्याने करून दिलेल्या डीव्हीडीवर आहेत, एकेक ४.७ जीबीची, ओरखडे पडायला लागलेत. अशा कॉपी प्रोटेक्शन नसलेल्या घरगुती डीव्हीडी ते सरळ उघडतं. त्यात फक्त एवढं बघा की जुन्या व्हिडिओत हालचाल झाली की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात, फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात, आणि आरएफ १८ ते २२ मधे ठेवा कारण मूळ चित्रच छोटं आहे, त्याला अजून कमी करण्यात अर्थ नाही. एक डीव्हीडी करून मी ताईंच्या मोबाईलवर टाकून दिली, आता बाकीच्या चालू आहेत. नवीन लॅपटॉपला डीव्हीडीचा ड्राइव्ह नसतो, यूएसबीला लावायचा बाहेरचा मिळतो तो घ्या, आणि डिस्क आधी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही.